रांगणारी गाडी : गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसची निवड

दगडाधोंड्यांत गाडी अडली की पहिला संशय इंजिनावर जातो. मग मोठे इंजिन, टर्बो, जास्त अश्वशक्ती असे मनसुबे सुरू होतात. अमेरिकेत जुने पिकअप ट्रक विकत घेऊन डोंगरासाठी नव्याने उभे करणाऱ्यांचा मोठा वर्ग आहे. तिथेही हा समज घट्ट बसलेला आहे. पण कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला तर तो टिकत नाही.

एक ट्रक घेऊ. १९७०च्या दशकातला शेव्हरोले के-२०. ३५० घनइंचांचे व्ही-८ इंजिन, त्याचा टॉर्क साधारण ३५० न्यूटन-मीटर. चार गिअरचा एसएम ४६५ गिअरबॉक्स, त्याच्या पहिल्या गिअरचे गुणोत्तर ६.५५. मागे एनपी २०५ ही ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या एक्सलला जोर वाटणारा डबा; तिची लो रेंज, म्हणजे डोंगरासाठी सगळे गिअर संथ करणारी जोडी, १.९६. एक्सलमधला क्राउन-पिनियन ४.१०चा. या तीन आकड्यांचा गुणाकार येतो ५२.६. म्हणजे लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये इंजिन ५२.६ वेळा फिरते तेव्हा चाक एकदा फिरते, आणि इंजिनाचा टॉर्कही तितक्याच पटीने वाढून चाकांपर्यंत येतो. ३५० गुणिले ५२.६ म्हणजे १८,४०० न्यूटन-मीटर.

आता हा ट्रक अडीच टनांचा आहे आणि टायर ३५ इंची आहेत असे धरू. कोरड्या खडकावर टायरची पकड वजनाच्या ८० टक्के धरली, तर चारही चाकांना मिळून सुमारे ८,७०० न्यूटन-मीटर पुरतात. त्याहून जास्त टॉर्क दिला की चाके जागच्या जागी फिरू लागतात. गिअरांच्या घर्षणात जाणारा भाग वजा केला तरी पन्नास वर्षांपूर्वीचा हा ट्रक, जसा कारखान्यातून आला तसा, टायरला पेलेल त्याच्या जवळजवळ दुप्पट जोर लावू शकतो. ताकद कमी पडते आहे, असे म्हणायला जागाच उरत नाही.

तरीही याच ट्रकचे मालक आणखी खालचे गुणोत्तर शोधत असतात, आणि ते बरोबरच आहे. त्यांना हवी असते संथ चाल. मॅन्युअल गाडीत या संथपणाला एक मर्यादा असते आणि सगळी निवड तिच्याभोवतीच फिरते. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलातून जोर पोहोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिन आयडलवर चालू असताना ब्रेक दाबून चाक थांबवता येते, पुन्हा सोडता येते, इंजिन बंद पडत नाही. मॅन्युअलमध्ये क्लच पूर्ण सोडला की इंजिन आणि चाक एकमेकांना लोखंडाने बांधलेले असतात. इंजिन आयडलच्या खाली गेले की धडधडून बंद पडते. म्हणजे आयडलवर गाडी ज्या वेगाने चालते, त्याहून हळू ती क्लच न दाबता चालूच शकत नाही. त्याहून हळू जायचे तर हाफ क्लच. आणि दगडांतल्या चढावर दहा मिनिटे हाफ क्लच वापरला की क्लच प्लेट जळल्याचा वास केबिनमध्ये येतोच.

तो वेग किती, हे घरबसल्या काढता येते. आयडलचे फेरे, समजा मिनिटाला ८००, यांना एकूण गुणोत्तराने भागायचे आणि टायरच्या परिघाने गुणायचे. ३५ इंची टायरचा परीघ २.८ मीटरच्या आसपास. आपल्या के-२०चा वेग येतो ताशी अडीच किलोमीटर. माणूस रमतगमत चालतो त्याच्या निम्मा. ऐकायला हा वेग फार कमी वाटतो. पण गुडघ्याएवढ्या दगडावर पुढचे चाक चढवताना अडीच किलोमीटरचा वेग जास्तच आहे. चाक दगडावर चढते, क्षणभर थांबते आणि पलीकडे धाडकन उतरते. त्या आदळण्यात स्टीअरिंगचे दांडे वाकतात, एक्सलचे क्रॉस तुटतात. हेच चाक ताशी सव्वा किलोमीटरने चढले तर टायरचा रबर दगडाला धरून बसतो, चालकाला पुढच्या दगडाकडे बघायला वेळ मिळतो आणि क्लचवरचा पाय जमिनीवर ठेवता येतो.

पहिल्या जीपपासून आजपर्यंतचा प्रवास याच आकड्यात वाचता येतो. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबी जीपचा गिअरबॉक्स तीन गिअरचा. पहिला गिअर २.६६, ट्रान्सफर केसची लो रेंज १.९७, एक्सल ४.८८. गुणाकार जेमतेम साडेपंचवीस. ८०० फेऱ्यांना ती ताशी चार किलोमीटरपेक्षा थोडी जास्त वेगाने चालायची, म्हणजे माणसाच्या चालीनेच. युद्धातल्या कच्च्या रस्त्यांसाठी ते पुरेसे होते. मुंबईत महिंद्रांनी १९४७ पासून विलीजच्या जीप जोडायला सुरुवात केली, तीही याच घराण्यातली. २००३ साली जीप रँग्लर रुबिकॉन आली तेव्हा ट्रान्सफर केसची लो रेंज थेट चारपट झाली. २०१८ साली आलेल्या मॅन्युअल रुबिकॉनमध्ये पहिला गिअर ५.१३, ट्रान्सफर केस ४, एक्सल ४.१०. गुणाकार ८४. तिचा आयडलचा वेग ताशी दीड किलोमीटर. कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडाच्या डोंगरांतून लेक टाहोकडे जाणारी रुबिकॉन ट्रेल दगडांनी भरलेली आहे, तिचे नाव या गाडीला उगीच दिलेले नाही.

मग हा संथपणा आणायचा कुठून? तीन जागा आहेत : एक्सल, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस. तिन्हींचा परिणाम लो रेंजमध्ये सारखाच दिसतो, रस्त्यावर मात्र तो फार वेगळा असतो. एक्सलचे गुणोत्तर ४.१० वरून ५.१३ केले तर रांगण्याचा वेग पाचव्या हिश्शाने उतरतो, पण हायवेवर ताशी १०० किलोमीटरला टॉप गिअरमध्ये २,४५० फेरे मारणारे इंजिन ३,०६० वर जाते. त्याचा आवाज, पेट्रोलचा खर्च, झीज रोज सोसावी लागते. गिअरबॉक्सचा पहिला गिअर खाली नेला तर बाकीचे गिअर जागेवर राहतात, पण पहिल्या आणि दुसऱ्यातली दरी वाढते. ट्रान्सफर केसची लो रेंज खाली नेली तर हाय रेंजमध्ये काहीच बदलत नाही. रस्त्यावर ट्रक पूर्वीसारखाच चालतो आणि डोंगरात लो रेंजमध्ये टाकला की सगळे गिअर एकदम संथ होतात. म्हणून माझे मत स्पष्ट आहे : गिअरबॉक्स रस्त्यासाठी निवडावा आणि डोंगराची चाल ट्रान्सफर केसकडून घ्यावी. एक्सल बदलायचा तो मोठ्या टायरची भरपाई म्हणून, त्यापलीकडे नाही.

हे मत मांडताना जुन्या ट्रकांच्या गिअरबॉक्सचे ऋण नाकारता येणार नाही. एसएम ४६५ हा त्या पिढीचा राजा. बिडाचा, ऐंशी किलोच्या आसपास वजनाचा, चार गिअरचा. त्याचा ६.५५चा पहिला गिअर शेतावरच्या आणि ओझ्याच्या कामासाठी होता. रस्त्यावर लोक दुसऱ्या गिअरमध्येच सुरुवात करत. पहिल्याला सिंक्रोनायझर नाही, त्यामुळे गाडी पूर्ण थांबवूनच तो टाकावा लागतो. चढावर गाडी दमू लागली आणि चालक चुकून दुसऱ्यात राहिला, तर घाईत पहिला टाकायला जमत नाही, दात करकरतात. फोर्डच्या ट्रकांतला एनपी ४३५ (पहिला गिअर ६.६८) आणि बोर्ग-वॉर्नरचा टी-१८ (६.३२) हे त्याचेच भाऊबंद. टी-१८ घेताना सावध राहावे लागते, कारण बाहेरून तसाच दिसणाऱ्या पण पहिला गिअर फक्त ४.०२ असलेल्या प्रतीही बाजारात फिरतात. इनपुट शाफ्ट फिरवून आउटपुटचे फेरे मोजल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

या सगळ्यांत एक उणीव समान आहे. चौथा गिअर एकास एक, त्याच्या वर काही नाही. ३५ इंची टायर आणि ४.१०च्या एक्सलवर हायवेला २,४५० फेरे. ट्रेलरवर लादून डोंगरापर्यंत नेला जाणारा ट्रक असेल तर त्याने काही बिघडत नाही. पण अमेरिकेत शनिवारी पहाटे घरून निघून चारशे किलोमीटर चालवत यूटामधल्या मोआबच्या खडकांत जाणारे लोक खूप आहेत, आणि त्यांच्यासाठी पाचवा गिअर ही चैन राहत नाही.

इथे एनव्ही ४५०० येतो. शेव्हरोले आणि डॉज या दोघांनी १९९०च्या दशकात तो आपल्या ट्रकांत वापरला. आवरण बिडाचेच, पण पाच गिअर, पुढचे सगळे सिंक्रोनायझर असलेले आणि पाचवा ०.७३चा ओव्हरड्राइव्ह. त्याच ट्रकचे ताशी १०० किलोमीटरचे फेरे २,४५० वरून १,८००च्या खाली येतात. सुरुवातीच्या शेव्हरोले प्रतींत पहिला गिअर ६.३४ होता, नंतर तो ५.६१ झाला. जुन्या प्रतीला म्हणूनच मागणी जास्त. पण केवळ त्या आकड्यासाठी दामदुप्पट मोजू नये, कारण ६.३४ आणि ५.६१ मधला फरक ट्रान्सफर केस सहज भरून काढते. दुसऱ्या गिअरचा विचार केला तर नंतरची प्रत मला जास्त पटते. ३.०४चा दुसरा गिअर मालाने भरलेल्या ट्रकला चढावर जुन्या प्रतीच्या ३.४४ पेक्षा सुटसुटीत चालवतो.

एनव्ही ४५००चे दोन स्वभाव माहीत हवेत. डिझेलच्या धक्क्यांखाली, विशेषतः डॉजच्या कमिन्स ट्रकांत, मेनशाफ्टच्या टोकाचे पाचव्या गिअरचे नट सैल होते आणि गिअर आपल्या खाचांवरून मागे सरकतो. एक दिवस चौथ्यातून पाचव्यात टाकावे आणि गाडी न्यूट्रलमध्ये गेल्यासारखी व्हावी, असे ते दुखणे. यावर चांगल्या लॉकिंग नटचे उपाय निघालेले आहेत, आणि गिअरबॉक्स उघडलाच आहे तर ते करूनच तो बंद करावा. दुसरा स्वभाव तेलाचा. त्याला सिंथेटिक जीएल-४ दर्जाचे ठरावीक तेल लागते. डिफरन्शियलचे जीएल-५ तेल जास्त चांगले समजून ओतले तर सिंक्रोनायझर रुसतात. या गिअरबॉक्सच्या तक्रारींत तेल चुकल्याचा वाटा मोठा आहे.

जीपसारख्या हलक्या गाडीला एवढा बिडाचा धोंडा लादणे मला पटत नाही. आयसिनने बनवलेला एएक्स-१५ (पहिला गिअर ३.८३) आणि त्यानंतरचा एनव्ही ३५५० हे सहा सिलिंडरच्या जीपला पुरून उरतात. त्यांचा पहिला गिअर वरचा आहे, हा आक्षेप खरा. पण त्याचे उत्तर त्यांच्या मागे बसते.

ट्रान्सफर केसबद्दल पहिला वाद असतो गिअरची की साखळीची. एनपी २०५ गिअरची, बिडाची, एकटी साठ किलोच्या वर. तिच्या मजबुतीचा लौकिक खरा आहे. ती फुटल्याचे क्वचितच ऐकायला मिळते. पण १.९६ हे गुणोत्तर आजच्या मापाने तोकडे आहे. १९८१ पासून शेव्हरोलेने हलक्या ट्रकांत तिच्याऐवजी अ‍ॅल्युमिनियमची, साखळीची एनपी २०८ बसवली. तिची लो रेंज २.६१. आपल्याच के-२०त ती घातली तर गुणाकार ५२.६ वरून ७० होतो आणि वेग ताशी अडीचवरून १.९ किलोमीटरवर येतो. म्हणजे ज्या केसला लोक नाजूक म्हणून बाजूला ठेवतात, तीच दगडांत जास्त संथ चालते. साखळी ताणली जाते हे खरे, आणि जोरात धक्का बसला की दातांवरून उडी मारते हेही खरे. पण ते होते बेदरकार चालवल्यावर आणि फार मोठ्या टायरवर. ३३ इंचांपर्यंतच्या टायरला आणि शांत पायाला साखळीची केस पुरते.

जीपमधली एनपी २३१ हे याच जातीचे उत्तम उदाहरण. लो रेंज २.७२. तिचा खरा दोष गुणोत्तरात वा साखळीत नाही, मागच्या टोकाला आहे. तिथे प्रोपेलर शाफ्टची सरकणारी बाही केसच्या लांब शेपटीत शिरते. गाडी चार इंच उचलली की आधीच आखूड असलेला मागचा शाफ्ट तिरपा होतो, कंपने सुरू होतात, आणि शाफ्ट निसटला तर केसमधले तेल जमिनीवर सांडते. शेपटी कापून आखूड आउटपुट शाफ्ट बसवणारा संच मिळतो. त्यात शाफ्ट लांब होतो आणि त्याचा कोनही सुधारतो. २३१ ठेवायची असेल तर हा पहिला खर्च.

डाना ३०० फार काळ बनली नाही. १९८० ते १९८६ मधल्या जीप सीजेत ती मिळते. गिअरची, २.६२, आकाराने आटोपशीर. तिच्यातला आडकाठी करणारा छोटा भाग काढून दोन दांडे बसवले, तर पुढची आणि मागची चाके वेगवेगळी लो रेंजमध्ये टाकता येतात. मागची सोडून फक्त पुढची ओढू दिली की अरुंद जागेत ट्रक नाकावर वळतो. एनपी २०५ मध्येही हे करता येते. एकदा सवय झाली की हे दोन दांडे सोडवत नाहीत.

याहून खाली जायचे असेल तर दोन वाटा. एक, नवी केस. कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅडव्हान्स अ‍ॅडॅप्टर्सची अ‍ॅटलस गिअरची आहे आणि ३.०, ३.८, ४.३, ५.० अशा गुणोत्तरांत मिळते. ती उत्तम आहे, महागही आहे. दुसरी वाट जास्त कल्पक : दोन केस एकापाठोपाठ जोडणे. १९७०च्या दशकात एनपी २०३ नावाची एक जड, कायम चारही चाके ओढणारी केस होती. ती आज कुणाला नको असते. पण तिचा लो रेंजचा डबा पुढून वेगळा होतो. तो डबा २०५च्या पुढे बसवला की २ आणि १.९६ यांचा गुणाकार जवळजवळ ४. आपला के-२० मग १०५ वर पोहोचतो आणि ताशी सव्वा किलोमीटरने रांगतो. शिवाय हवी तेव्हा फक्त २, हवी तेव्हा ४, अशी निवड हातात राहते. टोयोटाच्या जुन्या पिकअपच्या केसची रचनाही अशीच सुटी होणारी. २.२८चे दोन डबे जोडून ५.२ करणारे लोक अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

ही दुहेरी निवड मला एकाच चारपट केसपेक्षा श्रेष्ठ वाटते. कारण चारपट ही खडकाची भाषा आहे. चिखलात आणि वाळूत टायरच्या खाचा साफ राहण्यासाठी चाक जरा वेगाने फिरावे लागते. तिथे ४ची लो रेंज दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येही रखडते आणि हाय रेंजमध्ये इंजिन दमते. अडीचच्या आसपासची लो रेंज चिखलाला बरोबर बसते.

आता जोडणीचे काम. बहुतेक चुका इथेच होतात आणि त्या सगळ्या पैसे दिल्यानंतर लक्षात येतात. पहिला प्रश्न बाजूचा. ट्रान्सफर केसचे पुढचे तोंड उजवीकडे निघते की डावीकडे, आणि पुढच्या एक्सलचा गोळा त्याच बाजूला आहे का? जीपमध्ये १९८६ पर्यंतच्या सीजेत तो उजवीकडे आहे, १९८७ पासूनच्या रँग्लरमध्ये डावीकडे. सीजेची डाना ३०० रँग्लरमध्ये घालायची तर पुढचा एक्सलही बदलावा लागतो किंवा केसमध्ये फेरफार करावे लागतात. दुसरा प्रश्न खाचांचा : गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टवर किती स्प्लाइन आहेत आणि केसच्या इनपुटमध्ये किती. एकाच एनपी २०५च्या वेगवेगळ्या वर्षांतल्या प्रती यात जुळत नाहीत. तिसरा लांबीचा. गिअरबॉक्स, मधला अ‍ॅडॅप्टर, दुहेरी केस असे सगळे एकापुढे एक लावत गेले की आखूड गाडीत मागच्या शाफ्टला जागाच राहत नाही. लांब पिकअपला १०५चा संच शोभतो, आखूड जीपमध्ये तोच संच मागचा शाफ्ट हातभर करून टाकतो.

आणि चौथी, सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट : बेलहाउसिंगचा मध्य. इंजिनामागच्या या घंटेच्या आकाराच्या भागाचे भोक क्रँकशाफ्टच्या बरोबर मध्यावर हवे. फरक इंचाच्या हजाराव्या भागांत मोजायचा असतो. फ्लायव्हीलवर डायल गेज लावून, इंजिन हाताने एक पूर्ण फेरा फिरवून काटा किती हलतो ते पाहायचे. अर्ध्या तासाचे काम आहे. ते न करता बसवलेला उत्तम गिअरबॉक्स काही महिन्यांत चौथ्या गिअरमधून आपोआप बाहेर पडू लागतो, पुढचे बेअरिंग आवाज करते, आणि दोष गिअरबॉक्सला दिला जातो.

जुना गिअरबॉक्स घेताना विक्रेत्याला तेलाचे नट उघडायला सांगावे. पांढऱ्या कपड्यावर थोडे तेल घ्यावे आणि उन्हात धरावे. मऊ, राखाडी गाळ चालतो, ती झीज आहे. सोनेरी चकाकणारी पूड म्हणजे पितळी सिंक्रोनायझर संपत आले. बोटाला टोचणारा लोखंडाचा तुकडा लागला तर तिथून निघावे. साखळीच्या केसमध्ये पुढचे आउटपुट हाताने मागेपुढे फिरवून बघावे. बराच मोकळा फिरून मग खटकन अडकत असेल तर साखळी ताणलेली आहे.

खालच्या गुणोत्तराचा धोकाही सांगायला हवा. टायर घसरतो तोवर एक्सलला मर्यादित टॉर्क मिळतो. पण चाक दोन दगडांच्या फटीत अडकले की ते घसरत नाही, आणि मग १०५ पटीने वाढलेला सगळा जोर क्रॉसवर आणि एक्सल शाफ्टवर येतो. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर दाबणारा चालक काहीतरी मोडतोच. आयडलवर रांगणाऱ्या गाडीत ही वेळ कमी येते, कारण इंजिन आधी बंद पडते. बंद पडले तर घाबरायचे नाही. गिअर तसाच ठेवायचा, ब्रेक दाबून ठेवायचा, क्लच न दाबता स्टार्टर फिरवायचा आणि ब्रेक हलकेच सोडायचा. गुणोत्तर इतके खाली असते की स्टार्टरच गाडीला इंचभर पुढे ढकलतो आणि इंजिन सुरू होते. जुन्या टोयोटा पिकअपमध्ये यासाठी क्लचचा अटकाव रद्द करणारे बटणच होते. ज्या गाड्यांत ते नाही तिथे क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही, आणि तीव्र चढावर ही अडचण मोठी असते.

आपल्याकडे हे सगळे असेच्या असे करता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांपासून गाडी वेगळी होईल असे फेरफार करायला मनाई आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती आणखी स्पष्ट केली. म्हणून आपली निवड शोरूममध्येच करावी लागते, आणि तिथेही हाच गुणाकार उपयोगी पडतो. मॅन्युअल जिम्नीचा पहिला गिअर ४.४२, ट्रान्सफर केस २.०, एक्सल ४.०९. गुणाकार ३६. लहान टायरमुळे ८०० फेऱ्यांना ती ताशी तीन किलोमीटरपेक्षा थोडी हळू चालते. नाशिकला बनणाऱ्या, चारही चाकांवर चालणाऱ्या थारची लो रेंज २.४८ आहे. सह्याद्रीतल्या पावसाळी वाटांसाठी, तांबड्या चिखलासाठी आणि घाटातल्या सुट्या दगडांसाठी हे आकडे योग्य जागी आहेत. जुन्या जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून सुटी, मधल्या छोट्या शाफ्टने जोडलेली असते. लो रेंज २.२७ आणि हाय रेंजमध्येही १.४१ची घट. उत्पादन बंद झालेल्या या गाडीसाठी आजही माणसे का थांबतात, याचे एक उत्तर त्या सुट्या डब्यात आहे.

गाडी बघायला जाल तेव्हा अश्वशक्ती विचारण्याआधी तीन आकडे विचारा : पहिला गिअर, लो रेंज, एक्सल. माहितीपत्रकात ते नसतील तर मागून घ्या. ऑल-व्हील ड्राइव्ह असे लिहिलेल्या अनेक गाड्यांत लो रेंज मुळातच नसते, आणि थारचेही मागच्या दोन चाकांवर चालणारे प्रकार विकले जातात. मग एखाद्या चढावर गाडी लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये टाका, क्लच पूर्ण सोडा, दोन्ही पाय पेडलवरून काढा आणि ती किती हळू चालते ते पाहा. विक्रेता ही चाचणी करू देत नसेल तर दुसरा विक्रेता शोधा.